उरलेले अडतीस किलोमीटर

साहेब, तुम्ही माझ्या बायकोला अडवून ठेवलं आहे.

दचकू नका. मी शुद्धीत आहे, सकाळचा चहा झालेला आहे आणि चष्माही लावलेला आहे. ती आत्ता इथून नऊशे किलोमीटरवर आमच्या मुलीच्या घरी आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही आणि ती तुम्हाला ओळखत नाही, हेही मला ठाऊक आहे. तरी ती परत येत नाही याचं कारण तुमच्या डासखात्याचा एक कागद आहे. तुमच्या शिक्क्याचा, तुमच्या सहीचा. सही वाचता येत नाही, पण ती तुमचीच आहे असं दोन टेबलांवरच्या दोन माणसांनी मला सांगितलं, आणि दोघांचं एकमत झालेली तुमच्या कचेरीतली ही एवढी एकच गोष्ट.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "पत्राची सुरुवात 'सविनय' अशी करा. काम होतं." मी तीन अर्ज सविनय केले. चौथा हा असा. मी सातवीपर्यंत शिकलेला लिफ्ट मेकॅनिक आहे. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आयुष्यभरात माझं प्रसिद्ध झालेलं लेखन म्हणजे "घाबरू नका, बटण दाबा." तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला. बाकीच्या चुका तुमच्या आहेत.

प्रकरण असं आहे. मुलीच्या बाळंतपणाला बायको गेली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. तिनाचे चार झाले. चाराचे पाच. बाळ मान धरेपर्यंत, मग पालथं पडेपर्यंत, मग दात येईपर्यंत. साहेब, लहान मूल दर महिन्याला काहीतरी नवीन करतंच. या हिशोबाने नातीचं लग्न लागेपर्यंत माझी बायको परत येण्याचं कारण नव्हतं.

मी गेलो नाही असं नाही. रेल्वेने गेलो, चार दिवस जावयाच्या सोफ्यावर पाहुण्यासारखा बसलो, पाचव्या दिवशी जावयाने "बाबा, पेपर वाचून झाला का?" असं इतक्या प्रेमाने विचारलं की सहाव्या दिवशी घरी आलो. घरी आल्यावर दोन माणसांच्या घरात एकटा माणूस किती जागा व्यापतो ते कळलं. फारशी नाही. तिच्या हात पुसायच्या टॉवेलला मी हात लावला नाही. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर तो होता तसाच राहिला. एवढंच सांगतो, पुढचं तुमच्या फॉर्मात बसणार नाही.

एका सकाळी फोनवर मी जरा रडकुंडीला येऊन विचारलं, "अगं, मग तू येणार कधी?"

"तुम्ही इथवर वल्हवत आलात की लगेच," बायको म्हणाली. तिचं माहेर नदीकाठचं. तिच्या वडिलांची होडी होती. थट्टा करायची तर तिला होडीच सुचते.

मागून मुलगी हसली. "बाबा आणि व्यायाम! बाबा, खरंच नऊशे किलोमीटर वल्हवलंत तर आई तुमची. मी लेकीला सांभाळायला बाई ठेवीन. शब्द!"

ते हसू मला लागलं. पोट माझं आहे हे मान्य. खाली वाकून बूट बांधताना मला दोन हप्त्यांत बांधावे लागत, हेही मान्य. पण मुलीने असं हसावं? मी त्याच दिवशी वल्हवायचं यंत्र शोधायला बाहेर पडलो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक दोन रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे, हातात एक दांडा, आणि पुढे काचेसारखा पारदर्शक गोल डबा. डब्यात सतरा लिटर पाणी आणि पाण्यात पंखा. दांडा ओढला की पंखा पाणी कापतो आणि पाणी तुम्हाला अडवतं. जितक्या जोराने ओढाल तितकं जास्त अडवतं. (तुमच्या कचेरीसारखं. पण पाणी निदान खळखळतं तरी.) किती मीटर झाले ते वर पडद्यावर दिसतं. एका बंद पडलेल्या व्यायामशाळेत ते धूळ खात होतं. मी उचलून आणलं.

उचलून आणलं हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. खोकं आमच्या लिफ्टपेक्षा हातभर लांब निघालं. हातगाडीवाला म्हणाला, "जिन्याने नेऊ." मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. पस्तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला जिना दाखवतो! मी खोकं तिरकं केलं, कोपऱ्यात कोपरा बसवला, आणि काय बसलं म्हणून सांगू. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन हेडक्लार्क आले. "मला दुसऱ्यावर सोडा," म्हणत तेही उरलेल्या कोपऱ्यात शिरले. पहिला मजला सोडला आणि खोकं घसरून दाराच्या स्विचवर टेकलं. लिफ्ट थांबली.

हेडक्लार्कांनी खोक्याखाली अडकलेली भाजीची पिशवी ओढून पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही लिफ्टवाले ना?"

"हो."

"मग?"

माझे दोन्ही हात खोक्याखाली होते. समोर माझ्याच अक्षरातली पाटी होती, घाबरू नका, बटण दाबा. हेडक्लार्कांनी ती मोठ्याने वाचली आणि बटण दाबलं. घंटा वाजली नाही. ती दुरुस्त करायची माझ्याकडे सहा महिन्यांपासून राहिली होती. चाळीस मिनिटांनी वॉचमनने आम्हाला बाहेर काढलं. त्या चाळीस मिनिटांत हेडक्लार्कांच्या कोथिंबिरीचं जे झालं, त्याची शिक्षा मी आजपर्यंत भोगतो आहे. ते पुढे येईलच.

यंत्र पुढच्या खोलीत मांडलं. वल्हवणाऱ्याची गंमत अशी की जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ असते. मुलीचं गाव पूर्वेला. म्हणून पूर्वेच्या खिडकीकडे पाठ केली. तोंड आपोआप स्वयंपाकघराकडे आलं. म्हणजे रोज सकाळी अर्धा तास मी बायकोकडे निघालो आणि बघत राहिलो तिच्या टॉवेलकडे.

पहिल्या दिवशी चारशे मीटर झाले. मग मी जमिनीवर आडवा झालो आणि छताचा बारकाईने अभ्यास केला. वरच्या मजल्यावरचे कवायतीचे मास्तर धापांचा आवाज ऐकून खाली आले. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी गेलेली नाही.

"हात ओढता तुम्ही! हातांनी कुणी वल्हवतं का? आधी पाय. मग पाठ. शेवटी हात. परत येताना उलटं, हात, पाठ, पाय. फुर्रर्र! पुन्हा!"

"मास्तर, शिट्टी नको. शेजारी..."

"शेजारी गेले उडत! आणि नुसत्या वल्हवण्याने पाठ मोडेल तुमची. ताकद लागते. वजनं आहेत का घरात?"

वजनं होती. जुन्या लिफ्टच्या प्रतिवजनाचे बिडाचे दोन ठोकळे, एकेक पंधरा किलोचा. लिफ्ट वर जाताना दुसऱ्या टोकाला जे वजन खाली येतं त्यातले. बायको एक दाराला अडकण म्हणून आणि एक गाद्या दाबायला वापरायची. मास्तरांनी ते दोन्ही हातांत देऊन मला उठाबशा काढायला लावल्या. साठाव्या वर्षी, साहेब, स्वतःच्या घरात, पडदा ओढलेला नसताना. समोरच्या इमारतीतल्या आजीबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, काय केलंत असं?"

नवव्या उठाबशीला एक ठोकळा हातातून सुटला. खालच्या मजल्यावर हेडक्लार्कांच्या पानात छताचा चुना पडला. कोथिंबीर पहिली, चुना दुसरा. त्यांच्या मनात माझी फाईल उघडली गेली.

पण जमत गेलं. चारशेचे हजार झाले, हजाराचे चार हजार. दोन महिन्यांत बूट एका दमात बांधायला लागलो. मग एक दिवस वल्हवतानाच बायकोचा फोन आला. मी फोन यंत्राजवळ ठेवून म्हटलं, "थांब, एवढे तीनशे मीटर संपवतो." संपवून फोन उचलला तर पलीकडे काहीच आवाज नाही.

"अगं, आहेस ना?"

"आहे. पाण्याचा आवाज येतोय तो कसला?"

"डब्यातला."

"बाबांच्या होडीसारखा येतोय," ती म्हणाली. "पुन्हा करा. फोन तसाच ठेवा. बोलू नका."

त्या दिवसापासून रोज सकाळी सातला फोन. मी इथे वल्हवायचो, ती तिथे नातीची दुपटी घड्या करत ऐकायची. अर्धा तास कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. संसारात आम्ही इतक्या चांगल्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. शेवटी ती विचारायची, "कुठपर्यंत आलात?" मी आकडा सांगायचो. ती नकाशात बघून सांगायची, "म्हणजे मोठा पूल ओलांडलात. आता डावीकडे वीटभट्ट्या लागतील." मला काय, मला टॉवेल दिसत होता. पण मी म्हणायचो, "हो, लागल्या."

आणि साहेब, तिथेच माशी शिंकली. माशी म्हणजे तुमचा डास.

तो पाण्याचा आवाज खाली हेडक्लार्कांनाही ऐकू जात होता. रोज सातला सुरू, साडेसातला बंद. त्यांनी सोसायटीला लेखी कळवलं, "तिसऱ्या मजल्यावर ठराविक वेळी गळती होते." सेक्रेटरी प्लंबरला घेऊन आला. मी सांगितलं, गळती नाही, वल्हवतो आहे. प्लंबरने सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने प्लंबरकडे. म्हातारा एकटा राहतो, असं दोघांच्या डोळ्यांत मला स्वच्छ वाचता आलं. प्लंबरने न्हाणीघराची भिंत फोडली. पाइप कोरडा निघाला. "मग दुसऱ्या बाजूला असेल," म्हणून दुसरी बाजू फोडली. तिथे पाइपच नव्हता. शेवटी मी दोघांना यंत्रापाशी नेलं, बसलो, आणि वल्हवून दाखवलं.

"अरेच्चा!" प्लंबर म्हणाला. "हाच आवाज!"

"काका, पण ही टाकी झाली," सेक्रेटरी म्हणाला. "घरात टाकी ठेवली तर आम्हाला वर कळवावं लागतं. डासांचं परिपत्रक आहे. माझ्या हातात काही नाही."

पोराच्या हातात खरंच काही नव्हतं, फक्त फोन होता. त्याने त्यावरून तुम्हाला कळवलं.

तुमचा निरीक्षक आला तो माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, तीन जिने चढून आला होता, कारण लिफ्ट बंद होती (ती मी दुरुस्त करत होतो). त्याने टॉर्च मारून डबा पाहिला. सगळ्या बाजूंनी पाहिला. "अळी नाही," म्हणाला, आणि तसं लिहिलंही. मी खूश झालो. मग त्याने फॉर्म काढला. फॉर्मात रकाने होते: पिंप, कुंडी, कूलर, टायर, टाकी.

"यातलं काय लिहू?"

"यातलं काहीच नाही. हे व्यायामाचं यंत्र आहे."

"तो रकाना नाही. टाकी लिहितो. झाकण उघडा, हात घालून बघावं लागतं."

"झाकण नाही त्याला. बाटलीच्या बुचाएवढं भोक आहे."

"म्हणजे तपासता येत नाही," तो म्हणाला. "तपासता येत नाही ती टाकी सील करायची असा नियम आहे."

"अहो, पण आत्ताच तपासलंत ना? अळी नाही असं तुम्हीच लिहिलंत!"

"ते वरच्या ओळीत," तो म्हणाला. "हे खालच्या ओळीत."

"डबा रिकामा करतो मग. घ्या, आत्ता करतो."

"टाकी रिकामी आढळली तर 'वापरात नाही' असं होतं. वापरात नसलेली टाकी जप्त होते." आणि खरंच कळवळून म्हणाला, "काका, सीलच बरं."

त्याने दांडा आणि बैठक एकत्र दोरीने आवळली, गाठीवर लाख लावली, शिक्का मारला. पडद्यावर आकडा होता आठशे बासष्ट. साडेसात महिने, साहेब. अडतीस किलोमीटर उरले होते. दहा दिवसांचं काम.

मग मी तुमच्या कचेरीत आलो. पहिल्या टेबलावर माझ्याकडे टाकीचा मंजूर नकाशा मागितला. दुसऱ्यावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काका, इतकं वल्हवून पोहोचलात कुठे?" मी म्हटलं, "वीटभट्ट्यांच्या पुढे." त्यांनी मला पाणी दिलं आणि घरच्या कुणाचा नंबर आहे का म्हणून विचारलं. तिसऱ्या टेबलावर माणूस नव्हता, त्याचा कोट होता. कोटाला मी तीन वेळा भेटलो. त्यातल्या त्यात कोटच माझं शांतपणे ऐकतो. अर्जांवर उत्तर एकच आलं, छापील: "आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे." तो योग्य विभाग तुम्हीच आहात.

बायकोला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "दोरीच आहे ना? पक्कड आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग तोडा की!"

"नाही तोडणार."

"अहो, तुमच्यासारखा माणूस..."

"म्हणूनच नाही तोडणार."

हे तिला ठाऊक होतं. तुम्हाला नाही, म्हणून सांगतो. पस्तीस वर्षांत मी किती लिफ्टना सील लावलं त्याची मोजदाद नाही. तार झिजली, ब्रेक धरेना, की लावलं सील. एकदा एका मालकाने मी लावलेलं सील रात्रीत तोडलं. घरात पाहुणे यायचे होते म्हणे. लिफ्ट दीड मजला खाली आदळली. आत एक बाई होत्या. त्यांचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. मी त्यांना दवाखान्यात बघायला गेलो होतो. त्या मलाच म्हणाल्या, "तुम्ही तर सांगितलं होतं." तेव्हापासून सील दिसलं की मी हात मागे घेतो. कुणाचंही असो. तुमचंही.

"मग येऊ का अशीच?" बायकोने विचारलं.

माझ्या तोंडात 'ये' आलं होतं. अगदी दातांपर्यंत. पण मी म्हटलं, "मुलीने शब्द दिलाय नऊशेचा. आठशे बासष्टवर आलीस तर ती म्हणेल, बाबांनी दमून सोडलं." आणि पुन्हा ते हसू! नाही साहेब, ते हसू मला पुन्हा ऐकायचं नाही. मूर्खपणा आहे, मान्य आहे. माझ्या नावावर लिहा, खालच्या ओळीत.

दुसऱ्या दिवशी सातला नेहमीसारखा फोन आला. मी म्हटलं, "आज पाणी नाही गं."

"ठाऊक आहे. कान देऊन ऐका."

ऐकलं. चपलांचा आवाज. फट, फट, थांब. फट, फट, थांब.

"काय करतेस?"

"चालतेय. इमारतीभोवती. तुम्हाला पुढे येता येत नाही तर मी इकडून निघते. उरलेलं अंतर कुणी कापायचं असं काही ठरलं नव्हतं. लेकीला विचारलंय मी. ती म्हणाली, चालेल. हसली नाही."

साहेब, तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. बाजारातून येताना ती तीन ठिकाणी थांबते आणि तीनही ठिकाणी दुकानात काहीतरी बघत असल्याचं सोंग करते, म्हणजे मला कळू नये. नात नुकतीच चालायला लागली आहे. ती आजीचं बोट धरून बरोबर असते. दोघींचा वेग सारखा आहे आणि दोघीही सारख्याच वेळा खाली बसतात. दिवसाला एक किलोमीटर, त्याहून जास्त नाही. आज अकरा झाले. आज सकाळी फट आणि फट यांच्यामध्ये इतका वेळ गेला की मला वाटलं फोनच बंद पडला.

"आहेस ना?"

"आहे. वीटभट्ट्या मागे टाकल्यात ना तुम्ही?" ती धापा टाकत म्हणाली. "मग मी दिसेन लवकरच. पाठ आहे तुमची. मान वळवून बघत जा."

मी यंत्रावर बसलेलाच होतो. रोज सातला बसतो. दांड्याला हात लावत नाही. कवायतीचे मास्तर येतात, शिट्टी न वाजवता ठोकळे उचलायला लावतात, "ताकद उतरू द्यायची नाही" म्हणतात. हेडक्लार्कसुद्धा परवा वर आले, दारात घुटमळले आणि म्हणाले, "सकाळचा आवाज येत नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं." तक्रारअर्ज मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. सोबत जोडलं आहे. त्याची सुरुवात सविनय आहे.

सत्तावीस उरले आहेत. माझे ते सात दिवस. तिचे सत्तावीस, आणि त्या गुडघ्यांवर.

माझ्या कमरेला आजही पक्कड आहे. ती मी वापरणार नाही. पण साहेब, मी लावलेल्या प्रत्येक सीलखाली काहीतरी होतं. झिजलेली तार होती, तडा गेलेली कप्पी होती, आणि मालकाने विचारलं तर मी त्याला खाली नेऊन, बोट लावून दाखवत होतो. तुमच्या निरीक्षकाने अळी नाही असं लिहून दिलेलं आहे. डास नाही. गळती नाही. दोन्ही बाजूंनी फोडलेली माझी भिंत साक्षीला आहे.

मग तुम्हीच इथे या, बोट लावा आणि सांगा: तुमच्या सीलखाली काय आहे?